फोटोशॉपची ॲक्शन एका फोटोवर चालते, बॅचमध्ये अडते: दर हंगामात येणारी अडचण आणि तिचा उलगडा

जूनमध्ये शाळा उघडल्या की आमच्या स्टुडिओत आय-कार्डांचं काम सुरू होतं. एका शाळेतली पाचवी ते दहावीची मुलं म्हणजे साडेचारशेच्या आसपास फोटो. प्रत्येकावर तेच काम: कापायचा, 35 बाय 45 मिलिमीटरचा करायचा, मागचा रंग पांढरा करायचा, जेपीजी करून ठेवायचा. एका फोटोला दोन मिनिटं धरली तरी 450 फोटोंचे पंधरा तास होतात. फोटोशॉपमध्ये यासाठी ॲक्शनची सोय 1996 साली आलेल्या 4.0 आवृत्तीपासून आहे. एकदा काम करून दाखवायचं, त्या आज्ञा नोंदवल्या जातात, आणि मग 'फाइल > ऑटोमेट > बॅच' मधून पूर्ण फोल्डरला त्या लावता येतात.

आणि दर हंगामात मला तीच तक्रार ऐकू येते. ज्या फोटोवर ॲक्शन नोंदवली, त्याच्यावर ती छान चालते. फोल्डरला लावली की तिसऱ्या-चौथ्या फोटोवर थांबते. किंवा थांबत नाही, पण निम्म्या मुलांच्या कपाळावरून कट जातो. किंवा सगळं सुरळीत होतं आणि शेवटी फोल्डरमध्ये काहीच सापडत नाही. तक्रारी तीन दिसतात, पण मूळ एकच आहे. ॲक्शन तुम्ही दिलेल्या आज्ञा नोंदवते. त्या देताना फोटो कोणत्या स्थितीत होता, ते तिला ठाऊक नसतं. तुमचा फोटो जेपीजी होता, आडवा होता, आरजीबी (पडद्यावरच्या रंगपद्धतीतला) होता, 300 पीपीआयचा (एका इंचात 300 पिक्सेल) होता. पुढचा फोटो पालकांनी मोबाइलवरून पाठवलेला पीएनजी असतो, उभा असतो, 72 पीपीआयचा असतो. आज्ञा त्याच, पण पायाखालची जमीन बदललेली.

म्हणून ॲक्शन बिघडली की पुसून पुन्हा नोंदवू नका. बहुतेक जण तेच करतात आणि तीच चूक पुन्हा नोंदवली जाते. आधी ॲक्शन वाचा.

वाचायची कशी? एफ9 दाबून ॲक्शन्स पॅनेल उघडा. प्रत्येक पायरीच्या नावाशेजारी छोटा बाण असतो, तो उघडला की नेमकं काय नोंदवलं गेलंय ते आकड्यांसकट दिसतं. 'क्रॉप' उघडलं तर वर किती, डावीकडे किती, कोणत्या एककात. 'सिलेक्ट' उघडलं तर कोणत्या नावाचा लेयर, म्हणजे फोटोतला थर. हे वाचतानाच अर्ध्या चुका सापडतात. उरलेल्यांसाठी पॅनेलच्या मेनूतल्या 'प्लेबॅक ऑप्शन्स'मध्ये 'स्टेप बाय स्टेप' निवडा आणि ज्या फोटोवर गाडी अडली तोच उघडून ॲक्शन चालवा. प्रत्येक पायरीनंतर पडद्यावर परिणाम दिसतो. एकच पायरी तपासायची असेल तर कंट्रोल दाबून तिच्यावर दोनदा क्लिक करा, तेवढीच चालते.

लेयर सापडत नाही असा निरोप येतो

सगळ्यात जास्त भेटणारा निरोप हाच: अमुक नावाचा लेयर सध्या उपलब्ध नाही. खाली दोन बटणं, पुढे चला किंवा थांबा. घाईत 'कंटिन्यू' दाबलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या भलत्याच लेयरवर होतात, तेव्हा ते दाबू नका.

घडतं असं. कॅमेऱ्यातून आलेला जेपीजी उघडला की त्यात 'बॅकग्राउंड' नावाचा एकच बंद लेयर असतो. त्यावर कंट्रोल+जे केलं की प्रत तयार होते, तिचं नाव 'लेयर 1'. मग तुम्ही माउसने खालच्या लेयरवर क्लिक करता, काहीतरी करता, परत 'लेयर 1'वर क्लिक करता. हे क्लिक नावासकट नोंदवले जातात. आता पुढचा फोटो पीएनजी निघाला आणि त्यात 'बॅकग्राउंड'ऐवजी 'लेयर 0' असला, तर कंट्रोल+जे केल्यावर प्रतीचं नाव 'लेयर 0 कॉपी' होतं. ॲक्शन 'लेयर 1' शोधत राहते. तो तिथे नसतोच.

उपाय दोन आहेत आणि मी दोन्ही वापरतो. पहिला, नोंदवताना लेयर पॅनेलला माउस लावायचा नाही. ऑल्ट आणि उजवा चौकटी कंस दाबला की एक लेयर वर, डावा कंस दाबला की एक लेयर खाली. ऑल्ट आणि पूर्णविराम म्हणजे सगळ्यात वरचा, ऑल्ट आणि स्वल्पविराम म्हणजे सगळ्यात खालचा. असं केलं की 'वरचा लेयर', 'खालचा लेयर' एवढंच नोंदवलं जातं, नाव येत नाही. ही सवय लागायला मला एक आठवडा लागला असेल, पण त्यानंतर हा निरोप क्वचितच पाहिला.

दुसरा उपाय म्हणजे ॲक्शन सुरू होण्याआधीच सगळे फोटो एका पातळीवर आणायचे. माझ्या प्रत्येक ॲक्शनच्या तोंडाशी काही पायऱ्या कायम असतात. 'फाइल > ऑटोमेट > कंडिशनल मोड चेंज' घेऊन, स्रोत म्हणून सगळे मोड (रंगपद्धती) निवडून, लक्ष्य आरजीबी ठेवायचं. कोणी छापखान्यातून आणलेली सीएमवायके (छपाईच्या रंगपद्धतीतली) फाइल दिली तर कित्येक फिल्टर त्यावर उपलब्धच नसतात; ही पायरी ती अडचण आधीच मिटवते, आणि फोटो मुळात आरजीबी असेल तर त्याला धक्का लावत नाही. मग 'इमेज > मोड'मधून 8 बिट, म्हणजे रंगांची नेहमीची खोली. मग लेयर एकत्र करणं. 'फ्लॅटन इमेज' मी वेगळ्या छोट्या ॲक्शनमध्ये ठेवली आहे आणि मुख्य ॲक्शनमध्ये पॅनेलच्या मेनूतून 'इन्सर्ट कंडिशनल' टाकलं आहे: फाइलमध्ये लेयर असतील तरच ती छोटी ॲक्शन चालव. ही अट घालायची सोय सीएस6 पासून, म्हणजे 2012 पासून आहे, तरी ती वापरणारे मला फार कमी भेटतात. फोटो उभा की आडवा, हीसुद्धा अट तिथेच मिळते. उभ्यासाठी एक ॲक्शन, आडव्यासाठी दुसरी, आणि त्या दोघींना बोलावणारी तिसरी. अर्ध्या मुलांची डोकी कापली जाण्यावर हा खरा इलाज आहे.

शेवटची तयारी रिझोल्यूशनची. 'इमेज साइज' उघडून 'रीसॅम्पल'ची खूण काढा आणि 300 लिहा. पिक्सेल तेवढेच राहतात, फक्त मापाचा हिशेब सगळ्या फोटोंना सारखा होतो. हे केलं नाही तर 'प्लेस'ने टाकलेला शाळेचा लोगो एका फोटोवर मोठा आणि दुसऱ्यावर चिमुकला येऊ शकतो.

सगळं झालं, पण फोटो गेले कुठे?

हा भाग मी सावकाश लिहितो, कारण इथे नुकसान होतं. आय-कार्डांच्या पहिल्याच मोठ्या कामात मी रात्री बॅच लावून घरी गेलो. सकाळी आमच्याकडचा मुलगा म्हणाला, "दादा, फोल्डरमध्ये एकच फोटो आहे." चारशेहून जास्त फोटो प्रक्रिया होऊन एकमेकांवर पडले होते आणि शेवटच्या मुलीचा तेवढा उरला होता. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावर सुरक्षित होते म्हणून निभावलं.

कारण असं होतं की 'सेव्ह ॲज' नोंदवताना मी फाइलचं नाव बदललं होतं. नाव टाइप केलं की ते नोंदवलं जातं, आणि मग प्रत्येक फोटो त्याच नावाने त्याच जागी जतन होतो. नोंदवताना फोल्डर बदला, जेपीजीचा दर्जा निवडा, पण नावाच्या चौकटीला हात लावू नका. स्वल्पविरामसुद्धा नाही.

त्यानंतर बॅचच्या खिडकीतली एक खूण, 'ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स'. ती लावली की ॲक्शनमधून फक्त फॉरमॅट आणि दर्जा घेतला जातो. नाव आणि फोल्डर बॅच ठरवते. हवं ते हेच. मात्र ही खूण लावली आणि ॲक्शनमध्ये 'सेव्ह ॲज'ची पायरीच नसली, तर काहीही जतन होत नाही. फोल्डर रिकामा. उलट, ती पायरी नाही आणि खूणही नाही, तर फाइल मूळ फॉरमॅटमध्येच जाते. जेपीजीची वाट पाहणाऱ्याला पीएनजी मिळतात. म्हणून ही जोडी लक्षात ठेवा: ॲक्शनमध्ये पायरी हवी आणि बॅचमध्ये खूणही हवी. आणि 'डेस्टिनेशन'ला 'नन' ठेवू नका, नाहीतर सगळे फोटो उघडेच राहतात आणि संगणक गुदमरतो.

'ओपन'चंही असंच, पण उलट्या बाजूने. ॲक्शन नोंदवायला सुरुवात केली आणि मग फोटो उघडला, तर 'ओपन' ही पहिली पायरी बनते, त्या एका फाइलच्या पत्त्यासकट. बॅचमध्ये 'ओव्हरराइड ॲक्शन ओपन कमांड्स'ची खूण नसेल तर तोच एक फोटो पुन्हा पुन्हा उघडला जातो आणि सगळ्या आय-कार्डांवर एकच चेहरा येतो. ॲक्शनमध्ये 'ओपन' नसताना ही खूण लावली तर एकही फोटो उघडत नाही. सोपा मार्ग असा की फोटो आधी उघडायचा, मगच रेकॉर्ड दाबायचं, आणि ही खूण मोकळी ठेवायची.

2021 नंतरच्या आवृत्त्यांत आणखी एक वळण आहे. फाइलमध्ये लेयर शिल्लक असतील तर 'सेव्ह ॲज'च्या यादीत जेपीजी दिसतच नाही, फोटोशॉप 'सेव्ह अ कॉपी'कडे बोट दाखवतं. जुनी ॲक्शन नव्या संगणकावर अडली असेल तर हे तपासा. जतन करायच्या आधी फाइल फ्लॅट आणि 8 बिट असेल तर जेपीजी तिथेच मिळतो.

नावाबद्दल एक आग्रहाची सूचना. बॅच फाइलींना अनुक्रमांक देऊ शकते, पण शाळेच्या कामात तो देऊ नका. वर्गशिक्षिकेने दिलेल्या यादीत सतरावा मुलगा गैरहजर असेल तर अठराव्याचा फोटो सतराव्याच्या नावाने छापला जातो, आणि पुढची पूर्ण रांग सरकते. मूळ फाइलला हजेरी क्रमांकाचं नाव आधीच द्या आणि बॅचमध्ये 'डॉक्युमेंट नेम'च राहू द्या.

जतन करण्याचा हा सगळा गुंता नको असेल तर 'फाइल > स्क्रिप्ट्स > इमेज प्रोसेसर' वापरा. तो जेपीजी स्वतः करतो, आकार मर्यादेत बसवतो, एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलतो आणि मध्ये तुमची ॲक्शनही चालवतो. ॲक्शनमध्ये मग जतन करण्याची पायरी लागतच नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवतो.

जागा चुकते

नाव, तारीख किंवा स्टुडिओची खूण खाली उजव्या कोपऱ्यात टाकली आणि दुसऱ्या फोटोत ती मधोमध आली, असं झालं की कारण एककात शोधा. पिक्सेलमध्ये नोंदवलं असेल तर 'डावीकडून 3200 पिक्सेल' ही जागा 6000 पिक्सेल रुंद फोटोत मध्याजवळ पडते आणि 2000 पिक्सेल रुंद फोटोत फोटोच्या बाहेर. नोंदवण्याआधी 'प्रेफरन्सेस > युनिट्स अँड रूलर्स'मध्ये रूलर 'पर्सेंट'वर ठेवा. मग जागा प्रमाणात नोंदवली जाते. कोपऱ्यासाठी त्याहून भरवशाचं म्हणजे कंट्रोल+ए करून 'लेयर > अलाइन लेयर्स टू सिलेक्शन'मधून उजवी कड आणि खालची कड जुळवणं. तिथे आकड्यांचा प्रश्नच राहत नाही.

सगळे फोटो एकदा एकाच मापात आले की पिक्सेल हेच चांगलं एकक. 35 बाय 45 मिलिमीटर 300 पीपीआयला म्हणजे 413 बाय 531 पिक्सेल. चार बाय सहा इंची मॅक्सी प्रिंट म्हणजे 1800 बाय 1200. त्यावर आठ फोटो मांडायचे तर आडवे चार, 430 पिक्सेलच्या अंतराने, आणि दुसरी ओळ 550 पिक्सेल खाली. कंट्रोल+जे, सरकवणे, पुन्हा कंट्रोल+जे, सरकवणे: नवीन प्रत आपोआप निवडलेली असते, त्यामुळे लेयरवर क्लिक करावं लागत नाही. फोटोंच्या मधली पांढरी पट्टी कटिंगला पुरेशी उरते. नुसतं आकाराचंच काम असेल, वेबसाइटसाठी वगैरे, तर 'ऑटोमेट'मधलं 'फिट इमेज' घ्या. कमाल रुंदी आणि कमाल उंची दिली की उभा-आडवा दोन्ही फोटो प्रमाण न बिघडता त्यात बसतात.

मागचा रंग

मॅजिक वाँडने (क्लिक केलं की तिथल्यासारख्या रंगाचा भाग निवडणाऱ्या साधनाने) पार्श्वभूमी निवडून ॲक्शन केली असेल तर ती बॅचमध्ये फसणारच. वाँडचा क्लिक ठरावीक बिंदूवर नोंदवला जातो. एका मुलीच्या फोटोत तो बिंदू भिंतीवर असतो, दुसरीच्या फोटोत तिच्या वेणीच्या रिबिनीवर. 'सिलेक्ट सब्जेक्ट' मात्र प्रत्येक फोटो नव्याने पाहून निवड करतं, म्हणून ते ॲक्शनमध्ये चालतं. ते घ्या, निवड उलटी करा, आणि 'एडिट > फिल'मध्ये 'व्हाइट' निवडा. 'बॅकग्राउंड कलर' निवडू नका, कारण त्या वेळी तिथे कोणता रंग असेल याची खात्री नसते. केसांच्या कडा पाच-दहा फोटोंत हाताने नीट कराव्या लागतात, ते टळत नाही.

ॲक्शन प्रत्येक फोटोवर खिडकी उघडून थांबत असेल तर पायरीच्या डावीकडे छोट्या खिडकीचं चिन्ह चालू राहिलेलं आहे. ते बंद करा. ॲक्शनच्या नावाशेजारच्या खुणेचा किंवा या चिन्हाचा रंग लाल दिसला तर आतली एखादी पायरी वेगळी ठेवलेली आहे असं समजा. ब्रशचे फटकारे तर 'अलाउ टूल रेकॉर्डिंग' लावल्याशिवाय नोंदवलेच जात नाहीत.

एका पायरीवर मात्र मी ते चिन्ह मुद्दाम चालू ठेवतो: क्रॉप. कोणी उंच, कोणी बुटकं, कोणी मान कलती करून बसलेलं. क्रॉपच्या आकड्यांना चेहरा दिसत नाही. चिन्ह चालू असलं की ॲक्शन प्रत्येक फोटोवर कापण्याच्या चौकटीपाशी थांबते, मी ती चेहऱ्यावर नीट बसवून एंटर दाबतो, बाकी सगळं ती करते. पाच-सात सेकंद जातात. 450 फोटोंचं काम तासाभरात होतं आणि एकाही मुलाची हनुवटी कापली जात नाही.

जे ॲक्शनमध्ये घालू नये

उजळपणा. कित्येक स्टुडिओंत तयार ॲक्शन फिरतात, त्यात एक 'कर्व्ह्ज' असतो जो सगळे चेहरे गोरे करतो. एकाच ठरावीक कर्व्हने गोऱ्या मुलाच्या गालावरचा तपशील उडतो आणि सावळ्या मुलीचा चेहरा राखाडी, निर्जीव दिसतो. आय-कार्ड हे ओळखीसाठी असतं. ज्या मुलीचा फोटो तिच्यासारखा दिसत नाही, तिला तो वर्षभर गळ्यात घालावा लागतो. मी ती पायरी आमच्या सगळ्या ॲक्शनमधून काढली. तिच्याऐवजी शाळेत जाताना सारखे दिवे, सारखं अंतर आणि सुरुवातीला ग्रे कार्डाचा (रंग जुळवायला वापरायच्या राखाडी पुठ्ठ्याचा) एक फोटो. फोटोशॉपच्या कॅमेरा रॉमध्ये त्या एका फोटोवर व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेची दुरुस्ती) ठरवून सगळ्यांना लावला की रंग जसे असतात तसे येतात, आणि ॲक्शनकडे फक्त माप आणि जतन करणं उरतं.

तपासणी

पूर्ण फोल्डरला बॅच लावायच्या आधी मी एक दहा फोटोंचा फोल्डर चालवून पाहतो. त्यात मुद्दाम अडचणीचे फोटो गोळा केले आहेत: एक उभा, एक आडवा, एक पीएनजी, एक सीएमवायके, एक 16 बिट, एक मोबाइलवरून आलेला लहान, एक लेयर असलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल. या दहांवर ॲक्शन न थांबता गेली तर ती साडेचारशेंवर जाते. बॅचच्या खिडकीत खाली 'एरर्स'मध्ये 'लॉग एरर्स टू फाइल' निवडा. एखादा फोटो अडला तरी काम थांबत नाही आणि कोणता अडला ते टेक्स्ट फाइलमध्ये सापडतं. रात्रभर चालणाऱ्या कामाला तर हे हवंच.

आणि नोंदवून झालेली ॲक्शन लगेच वेगळी जतन करा. फोटोशॉप नीट बंद केलं तरच ती पॅनेलमध्ये कायम राहते. मध्येच वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला तर त्या दिवशी नोंदवलेलं सगळं जाऊ शकतं, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते वेगळं सांगायला नको. पॅनेलच्या मेनूत 'सेव्ह ॲक्शन्स' फिकट दिसत असेल तर तुम्ही एकटी ॲक्शन निवडली आहे. ती ज्या संचात आहे तो संच निवडा, मग ते उघडतं. त्यातून तयार होणारी एटीएन फाइल मी पेन ड्राइव्हवर ठेवतो आणि नावात शाळेचं वर्ष लिहितो.